शाळेत आकाश घेऊन जाताना: फिरतं तारांगण नव्याने चालवणाऱ्यांसाठी

फिरतं तारांगण घेऊन शाळांमध्ये जायला लागले तेव्हा सुरुवातीचे कित्येक महिने मी घुमटात तयार फिल्म लावत असे. पंचवीस मिनिटं, भारदस्त आवाज, आकाशगंगेतून सुसाट प्रवास. मुलं टाळ्या वाजवायची, शिक्षक खूश व्हायचे. एकदा शो संपल्यावर सातवीच्या मुलांना मैदानात उभं करून विचारलं, "आता अंधार पडला तर ध्रुवतारा कुठे शोधाल?" हात चारी दिशांना गेले. काहींनी सरळ डोक्यावर बोट दाखवलं. त्यानंतर फिल्म शेवटच्या पाच मिनिटांपुरती उरली आणि वर्षभरात तीही बंद झाली.

घुमटातून बाहेर पडलेल्या मुलाला त्याच रात्री दारात उभं राहून एखादा तरी तारा नावानिशी ओळखता आला पाहिजे. माझं मोजमाप एवढंच आहे आणि खाली जे सांगते आहे ते सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

आधी सामान ओळखा

फिरत्या तारांगणात मुख्य वस्तू तीन: फुगणारा कापडी घुमट, त्यात हवा भरणारा ब्लोअर आणि आकाश दाखवणारं यंत्र. घुमट फुग्यासारखा हवाबंद नसतो. शिवणींतून, दारातून, जमिनीलगतच्या कडेतून हवा सारखी निसटत असते आणि ब्लोअर ती भरून काढत असतो. त्यामुळे शो संपेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवावा लागतो. आतल्या मुलांना ताजी हवा मिळते तीही त्याच्याकडूनच. ५ मीटर व्यासाच्या अर्धगोलात जेमतेम ३३ घनमीटर हवा मावते आणि पंचवीस मुलं तिच्यात पाऊण तास श्वास घेणार असतात. म्हणून ब्लोअरचं तोंड कुठे उघडतं ते नेहमी बघा. तिथे गाड्यांचा धूर किंवा मैदानातली धूळ येत असेल तर जागा बदला.

घुमट निवडताना नवखी माणसं मोठ्या आकाराच्या मोहात पडतात. ५ मीटरच्या घुमटात पंचवीसेक मुलं आरामात बसतात, ६ मीटरच्यात पस्तीसेक. त्याहून मोठा घुमट बहुतेक शाळांच्या सभागृहात उभाच राहत नाही, कारण छत आडवं येतं. सुरुवात ५ मीटरने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस मुलांशी बोलता येतं, साठ मुलांपुढे भाषण होतं. कापड पेट न घेणारं आहे याचा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि तो सामानातच ठेवा. आतला रंग पांढराशुभ्र असण्यापेक्षा किंचित राखाडी असलेला बरा. पांढऱ्या घुमटात एका बाजूचा उजेड उसळून समोरच्या बाजूवर पडतो आणि तिथलं काळं आकाश धुरकट होतं.

आकाश दाखवायच्या पद्धती तीन. पहिली जुनी आणि साधी: आत बारीक दिवा आणि भोवती तारे छापलेलं किंवा छिद्रं पाडलेलं नळकांडं. याला संगणक लागत नाही, तारे सुरेख दिसतात, पण ग्रह आजच्या जागी दाखवणं कटकटीचं असतं. दुसरी पद्धत म्हणजे घुमटाच्या मध्यभागी ठेवलेला, फिशआय भिंग (चित्र अर्धगोलभर पसरवणारं फुगीर भिंग) लावलेला प्रोजेक्टर. तिसरीत साधा प्रोजेक्टर कडेला ठेवून त्याचा झोत बहिर्गोल आरशावर टाकतात आणि आरसा तो घुमटभर पसरवतो. आरशाची पद्धत स्वस्तात पडते आणि मधली जागा मुलांसाठी मोकळी राहते. मात्र चित्र सगळीकडे सारखं रेखीव येत नाही, आणि दर वेळी आरसा नेमक्या जागी बसवायला हात बसावा लागतो.

फिशआयच्या बाबतीत एक हिशेब आधीच करून ठेवा. प्रोजेक्टर १९२० बाय १०८० पिक्सेलचा असला तरी पूर्ण गोल आकाश त्यातल्या १०८० च्या उंचीतच बसवावं लागतं. म्हणजे १८० अंशांचं आकाश १०८० ठिपक्यांत, एका अंशाला सहा ठिपके. खऱ्या आकाशात चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश. तो घुमटावर फक्त तीन ठिपक्यांचा उमटणार! पहिल्याच शोला मुलांनी "चंद्र कुठाय?" म्हणून गोंधळ केला तेव्हा मला हे कळलं. चंद्र मोठा करून दाखवा, पण तो मोठा केला आहे हे मुलांना सांगा. न सांगता केलं तर खरा चंद्र त्यांना खोटा वाटेल.

घुमटासाठी सॉफ्टवेअर म्हणून स्टेलॅरियम पुरेसं आहे. ते मोफत मिळतं, फिशआय आणि गोल आरसा दोन्हींसाठी त्यात सोय आहे, आणि जगातल्या कुठल्याही ठिकाणाचं, कुठल्याही तारखेचं आकाश ते दाखवतं. कळफलकावरची थोडी बटणं अंधारात, न बघता दाबता यायला हवीत: 'ए' दाबलं की वातावरण जातं-येतं, 'जी' ने जमीन, 'सी' ने तारकासमूहांच्या रेषा, 'व्ही' ने त्यांची नावं. 'जे' आणि 'एल' काळाचा वेग कमी-जास्त करतात आणि 'के' तो मूळ गतीवर आणतं. घरच्या खोलीतला दिवा मालवून आठवडाभर रोज अर्धा तास सराव करा. आत बसल्यावर तुमचं लक्ष मुलांकडे हवं.

जाता जाता थोडा इतिहास, कारण शिक्षक हमखास विचारतात. कार्ल झाइस कंपनीच्या वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेलं प्रक्षेपण-यंत्र म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये १९२३ साली पहिल्यांदा दाखवलं गेलं, आणि आज आपण ज्याला तारांगण म्हणतो ते तिथून सुरू झालं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९१३ साली, शिकागोत अ‍ॅटवुड गोल तयार झाला होता: सुमारे साडेचार मीटर व्यासाचा धातूचा पोकळ गोल, त्याला ६९२ छिद्रं, आणि प्रेक्षक आत बसले की गोलच त्यांच्याभोवती फिरायचा. आकाराने तो आपल्या आजच्या कापडी घुमटाच्या जवळपास. फुगवायचं, शाळांत नेण्याजोगं तारांगण १९७७ साली फिलिप सॅडलर या अमेरिकन शिक्षकाने बनवलं. यंत्राचा हा धागा पहिल्यापासून वर्गाशी जोडलेला आहे, म्हणून मला तो आवडतो.

शाळेची पाहणी: इथे घाई नको

फोनवर "हो, हॉल मोठा आहे" हे ऐकून कधीही जाऊ नका. मी एकदा तशी गेले. हॉल खरोखर मोठा होता, पण पंखे इतके खाली होते की घुमटाचा माथा त्यांना टेकत होता. दोनशे मुलं रांगेत उभी होती आणि आम्ही घुमट परत गुंडाळला. त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात.

पाहणीला मोजपट्टी घेऊन जा. ५ मीटरच्या घुमटाला साधारण ७ बाय ७ मीटर मोकळी जमीन लागते, कारण दार, ब्लोअर आणि आणीबाणीत बाहेर पडायची वाट यांना जागा हवी. उंची साडेतीन मीटर धरा, आणि ती छतापर्यंत न मोजता सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मोजा: पंखा, दिवा, तुळई, बास्केटबॉलची रिंग. जमीन सपाट आणि कोरडी हवी. उघड्या मैदानात घुमट लावू नका. वाऱ्याची एक जोरदार झुळूक एवढं मोठं कापड उचलून नेऊ शकते. वीज कुठून मिळेल, सॉकेट खरंच चालतात का, ते स्वतः तपासा. मी छोटा टेबल लॅम्प बरोबर नेते आणि प्रत्येक सॉकेटला लावून बघते.

त्याच भेटीत एक काम आणखी करा, आणि ते माझं सगळ्यात आवडतं काम आहे. मैदानाच्या मध्यभागी उभं राहून मोबाइलने चारी बाजूंचा सलग फोटो घ्या. घरी येऊन त्यातलं आकाश खोडून टाका आणि ते चित्र स्टेलॅरियममध्ये क्षितिज म्हणून बसवा. उत्तर दिशा चित्रात बरोबर जुळली आहे ना, हे होकायंत्राने टिपून ठेवलेल्या खुणेवरून तपासा. मग शोच्या दिवशी घुमटात शाळेचीच इमारत, शाळेचीच झाडं, शाळेचीच पाण्याची टाकी उभी राहते. मुलं आत येतात आणि आनंदाने ओरडतात, "अरे, ही आपली टाकी!" ध्रुवतारा टाकीच्या वर दिसला की तो कायमचा टाकीच्या वर राहतो, त्या रात्री मैदानात आलेलं मूल टाकीकडे बघतं आणि तिथून वर बघतं. दर शाळेमागे या कामाला दोन-तीन तास जातात, पण दुसऱ्या कुठल्याही युक्तीने मला एवढं फळ दिलेलं नाही.

शिक्षकांशी बोला. कोणत्या वर्गात सध्या काय चाललं आहे, कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कुणी व्हीलचेअरवर आहे, कुणाला अंधाराची फार भीती वाटते. बोगद्यासारख्या दाराच्या घुमटात व्हीलचेअर जात नाही. कड वर उचलून नेता येते, पण त्यासाठी दोन माणसं आधीच ठरवून ठेवावी लागतात. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी खुणांची भाषा जाणणाऱ्या शिक्षकांच्या हातांवर मंद लाल दिवा सोडा. न दिसणाऱ्या मुलांसाठी मी जाड कागदावर सप्तर्षी, मृग आणि ध्रुवतारा उठावदार ठिपक्यांनी काढून नेते. असा कागद एका मुलीच्या हाती दिला तेव्हा तिने शेजारणीचं बोट धरून तिला सप्तर्षी 'वाचून' दाखवले.

शोच्या दिवशी: उभारणी आणि सुरक्षितता

पहिल्या शोच्या दीड तास आधी पोचा. जमीन झाडून घ्या, कारण एखादा खिळा किंवा टाचणी कापडाला पुरेशी असते. जाड चादर अंथरून वर घुमट पसरा, ब्लोअरची नळी घट्ट बांधा. घुमट दहा-पंधरा मिनिटांत उभा राहतो. मग यंत्र आत घ्या, चित्र जुळवा आणि उत्तर दिशा खऱ्या उत्तरेकडे फिरवा. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. घुमटातली उत्तर आणि बाहेरची उत्तर एकच असेल तर मुलांना बाहेर आल्यावर डोक्यात काही उलटंपालटं करावं लागत नाही.

वायरी भिंतीकडेने न्या आणि चिकटपट्टीने जमिनीला बसवा. ब्लोअरला दोन वेग असतील तर मुलं आत-बाहेर करताना जास्त ठेवा, कारण दार उघडलं की घुमट खाली बसू लागतो, आणि शो चालू असताना कमी करा, म्हणजे आवाज कमी होतो.

वीज गेली तर? घाबरण्यासारखं काही नसतं, पण ते तुम्हाला मनापासून ठाऊक असायला हवं. कापड हलकं असतं आणि हळूहळू खाली येतं, त्याला काही मिनिटं लागतात. खिशात टॉर्च कायम ठेवा. टॉर्च लावायचा, शिक्षकांना उभं राहून कापड हातांनी वर धरायला सांगायचं, चेन उघडायची, दाराजवळच्या मुलांपासून एकेकाला बाहेर काढायचं. प्रत्येक शोच्या सुरुवातीला, उजेड असतानाच, मुलांना हे दोन वाक्यांत सांगा आणि बाहेर पडायची दोन्ही ठिकाणं दाखवा. तुमच्या जोडीदाराने शोभर बाहेर ब्लोअरजवळ थांबायचं. एकट्याने तारांगण चालवू नका. आणि शाळेचे एक शिक्षक आत असल्याशिवाय शो सुरू करू नका.

आत लेझर पॉइंटर वापरू नये असं माझं मत आहे. मुलं चहूबाजूंनी बसलेली असतात आणि हात जरा हलला तर झोत कुणाच्या तरी डोळ्यात जातो. पडद्यावरचा माऊसचा बाण किंवा साध्या बॅटरीवर बाणाची जाळी लावून केलेला दर्शक पुरतो.

आत घेताना बूट, कंपासपेट्या, टोकदार पिना बाहेर ठेवायला लावा. चमकणारी घड्याळं आणि चालताना दिवे लागणारे बूट लहान मुलांकडे हमखास निघतात. आत सूर्यास्तासारखा मंद उजेड ठेवा आणि मुलांना कडेने गोलात बसवा, भिंतीपासून हातभर आत, कारण कापडावर टेकलं की आख्खं आकाश हलतं. जी मुलं घाबरतात त्यांना दाराशी, शिक्षकांच्या शेजारी बसवा. त्यांना सांगा, "बाहेर जावंसं वाटलं तर नुसतं 'ताई' म्हण, मी उजेड करीन." हे ऐकलं की बहुतेक मुलं शेवटपर्यंत बसतात.

आत काय बोलावं

पहिली पाच मिनिटं उजेड हळूहळू कमी करत न्या. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, एवढा वेळ आपल्याकडे नसतो. पण एकदम काळोख केला तर लहान मुलं किंचाळतात आणि ती किंचाळी घुमटात दुप्पट होऊन परत येते. गोल छताखाली आवाज विचित्र वागतो. समोरच्या भिंतीजवळची कुजबुज तुमच्या कानात बोलल्यासारखी येते. हळू आवाजात बोला, मुलंही आपोआप हळू बोलतात.

माझा शो आजच्या तारखेच्या दुपारपासून सुरू होतो. शाळेचं मैदान, वर निळं आकाश, सूर्य. विचारते, "आत्ता तारे कुठे आहेत?" सगळी उत्तरं येऊ देते: झोपलेत, खाली गेलेत, सूर्याच्या मागे लपलेत. मग 'ए' दाबते. निळा रंग नाहीसा होतो आणि सूर्याशेजारी, भर दुपारी, तारे उभे असतात. या क्षणी काही बोलू नका. मुलांना पुरेसा वेळ द्या.

पुढे सूर्य मावळवते आणि आधी शहरातलं, दिव्यांनी पांढुरकं झालेलं आकाश दाखवते, ज्यात मोजके तारे आहेत. मुलांना ते मोजायला लावते. मग प्रकाश-प्रदूषण शून्यावर आणते. पूर्ण काळोख्या आकाशात साध्या डोळ्यांनी एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. शोमधला सगळ्यात मोठा "आह" इथे येतो, आणि हेच आकाश आपल्या डोक्यावर रोज असतं, मधे फक्त आपले दिवे आहेत, हे त्यांना सांगावंसं वाटतंच.

मग ध्रुवतारा, आणि त्याला भरपूर वेळ. सप्तर्षी वर असतील तर त्यांच्या चौकोनाच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून, पुलहाकडून क्रतूकडे, रेघ काढायची आणि त्या दोघांतलं अंतर पाच वेळा पुढे मोजायचं. सप्तर्षी क्षितिजाखाली असतील तर शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या 'एम' आकारावरून जायचं. एखाद्या मुलाला उठवून त्याच्या हातात बाण द्या आणि बाकीच्यांना "वर, अजून वर, डावीकडे" असं सांगू द्या. ध्रुव सापडला की तो अंधुकसा निघतो आणि मुलं हिरमुसतात, कारण आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच, असा समज घट्ट असतो. तेजस्वितेत तो पन्नाशीच्या आसपास येतो. त्याचं मोठेपण त्याच्या जागेत आहे: पृथ्वीचा अक्ष जिथे रोखलेला आहे तिथून तो अंशभरही दूर नाही. हे सांगून दाखवा, 'एल' दाबून रात्र पळवा. सगळं आकाश फिरतं, तो जागेवर. वेग मात्र बेताचा ठेवा. आख्खा घुमट गरागरा फिरला की काही मुलांना मळमळतं, आधीच सांगा, "गरगरलं तर डोळे मिटा."

विषुववृत्ताच्या दक्षिणेला असाल तर ध्रुवतारा दिसणार नाही. तिथे त्रिशंकू या क्रूसाच्या आकाराच्या तारकासमूहाच्या लांब दांड्याची रेघ साडेचार पट वाढवून दक्षिण ध्रुवबिंदू शोधायचा. तिथे कुठलाही ठळक तारा नाही, तरी सगळं त्याच रिकाम्या जागेभोवती फिरतं, आणि मोठ्या मुलांना ते जास्त विलक्षण वाटतं.

यानंतर त्या ऋतूचा एकच तारकासमूह घ्या. एकच. नवीन माणूस बारा राशी, सत्तावीस नक्षत्रं आणि आठ ग्रह एका शोमध्ये कोंबतो आणि मुलांजवळ काहीच उरत नाही. हिवाळ्याच्या संध्याकाळी मृग असेल तर चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिका. एका रेघेवर चार ओळखी होतात. मृगातलेच दोन तारे, तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य, शेजारी दाखवा आणि विचारा, जास्त तापलेला कोण? मुलं तांबड्यावर हात ठेवतात. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, राजन्याचा १२,००० च्या घरात. तापवलेलं लोखंड आधी लाल होतं आणि मग पांढरं, हे आठवून दिलं की त्यांना पटतं. जून-जुलैत वृश्चिक घ्या. मृग आणि वृश्चिक आकाशाच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत, एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतो, हे काळ पुढे नेऊन दाखवण्यासारखं आहे.

मोठ्या वर्गांसाठी शाळेतून उठून उत्तर ध्रुवावर जा. ध्रुवतारा डोक्यावर येतो आणि तारे क्षितिजाला समांतर फिरतात, ना उगवत ना मावळत. मग विषुववृत्तावर या: ध्रुव क्षितिजाला टेकलेला, तारे सरळ वर चढतात. परत शाळेत आलात की विचारा, आपला ध्रुव किती उंच? जेवढा अक्षांश तेवढे अंश. भूगोलाच्या पुस्तकातली आडवी रेघ त्यांना इथे पहिल्यांदा खरी वाटते.

ऋतूंचा गैरसमज वेळ असेल तरच हाताळा, पण अर्धवट हाताळू नका. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते' असं मुलंच काय, मोठी माणसंही ठामपणे सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर; जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. घुमटात डिसेंबरच्या आणि जूनच्या सूर्याचा मार्ग एकापाठोपाठ दाखवा. शाळेच्या इमारतीमागून उगवणारा सूर्य सहा महिन्यांत केवढा सरकतो आणि केवढा वर चढतो, हे दिसलं की अक्षाचा २३.४ अंशांचा कल सांगायला जागा तयार होते.

शेवटी सगळ्या रेषा, सगळी नावं बंद करते, शहराचे दिवे परत लावते आणि म्हणते, "आता ध्रुव दाखवा." त्या मिणमिणत्या आकाशात पंचवीस बोटं एकाच जागी वळली की शो जमला. न वळली तर फिल्म वगैरे काही नाही, पुन्हा सप्तर्षींपासून सुरू. त्यानंतर पहाट करा आणि उजेड हळूहळू वाढवा.

प्रश्न

कृष्णविवराचा प्रश्न येतोच, परग्रहावरच्या जिवांचाही. राशिभविष्याबद्दल विचारलं तर मी आकाशच दाखवते: सूर्य वर्षभरात बारा नव्हे, तेरा तारकासमूहांतून जातो, तेरावा भुजंगधारी, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो तिथेच असतो. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तिथे "मला माहीत नाही, लिहून घेते" असं म्हणा आणि खरंच लिहून घ्या.

बाहेर थांबलेल्या वर्गाचं काय

एक वर्ग आत असताना दुसरा बाहेर ताटकळतो आणि त्यांचा गोंगाट कापडातून सरळ आत येतो. जोडीदाराकडे त्यांच्यासाठी काम हवं. सगळ्यात उत्तम म्हणजे चंद्राच्या कला: अर्धवट अंधाऱ्या खोलीत एक दिवा, आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला पांढरा चेंडू. दिवा हा सूर्य, डोकं ही पृथ्वी. चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरून मूल स्वतःभोवती हळूहळू फिरलं की कोर, अर्धा, पूर्ण, पुन्हा कोर, सगळं त्याच्या हातात घडतं. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ही समजूत तोंडाने सांगून जात नाही, चेंडूने जाते.

मैदान मोठं असेल तर सूर्यमाला मांडा. सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू धरला तर पृथ्वी जेमतेम सव्वा मिलिमीटरचा दाणा आणि ती १५ मीटरवर; चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरवर; गुरू ७८ मीटरवर; नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेबाहेरच. मुलं चालून दमली की विचारा, याच मापाने सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा किती लांब? चार हजार किलोमीटर.

जाताना हातात काय द्यायचं

प्रत्येक मुलाला तळहाताएवढा कागद द्या. त्यावर तीनच गोष्टी: आज रात्री साडेसातला शाळेच्या कुठल्या बाजूला बघायचं, काय दिसेल, आणि किती उंचीवर. उंची मुठीत लिहा. हात ताठ पुढे धरला की बंद मूठ साधारण १० अंश झाकते, करंगळी एक अंश. अक्षांश २० असेल तर ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. हे मुठीचं माप मैदानातच शिकवा. घुमटात कडेला बसलेल्या मुलाला जवळचे तारे पसरलेले आणि समोरचे आकसलेले दिसतात, त्यामुळे तिथे माप चुकतं.

ढग असतील तर कागदाच्या मागे लिहिलेलं वाचायला सांगा: तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून पंधरा दिवसांनी हेच आकाश तासभर आधी दिसेल. एवढ्या एका ओळीवर महिनाभर बघणारी मुलं मला भेटली आहेत.

दिवसाला चार शो पुरे. सहा करता येतात, पण पाचव्यापासून निवेदकाचा आवाज बसतो, आणि दोन शोच्या मधे घुमट उघडा ठेवून आतली हवा बदलायलाही वेळ हवा. शेवटचा शो झाला की प्रोजेक्टर पूर्ण थंड होऊ द्या, फिशआय भिंगाला बोट न लावता फुंकणीने धूळ उडवा, घुमट कोरडा असल्याची खात्री करूनच गुंडाळा. दमट गुंडाळलेल्या कापडाला बुरशी धरते आणि तिचे डाग पुढच्या प्रत्येक आकाशात दिसतात. शिवणींवरून हात फिरवून उसवलेली जागा त्याच रात्री शिवा. प्रश्नांची वही पिशवीत सगळ्यात वर ठेवा. ज्यांची उत्तरं राहिली ती आठवड्याच्या आत त्या शाळेच्या शिक्षकांना, मुलाच्या नावासकट, लिहून पाठवायची आहेत.